पाणंदीवरचा कॅमेरा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



गेली काही वर्षे माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन माणसे येतात. कुणी काजू-आंब्याचे बागायतदार असतात, कुणी सुट्टीत मुंबईहून गावी आलेले. विचारतात, "मास्तर, तो रात्री जनावरांचे फोटो काढणारा कॅमेरा कुठला घ्यावा? फार महाग नको." आता मी काही वन्यजीव-शास्त्रज्ञ नव्हे. पस्तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले आणि निवृत्त झाल्यावर संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत येऊन राहिलो. या कॅमेऱ्याच्या नादाला लागलो तो शेजारच्या काकूंच्या दोन करडांपायी.

२०१९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. काकूंच्या गोठ्यातले एक करडू रात्रीतून गेले. आठ दिवसांनी दुसरे गेले. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघ आला, अशी हूल उठली. देवळात बैठक झाली, वनखात्याने पिंजरा लावावा असा अर्ज तयार झाला, त्यावर सह्या झाल्या. मी एवढेच म्हटले, की आधी कोण येते ते पाहू या, मग अर्ज देऊ. आणि मोठ्या उत्साहात संगणकावरून ३,८०० रुपयांचा एक कॅमेरा मागवला. डब्यावर '३६ मेगापिक्सेल' असे ठळक छापलेले होते. मला वाटले, झाले काम!

कॅमेरा फणसाच्या झाडाला बांधला. आठ दिवसांनी कार्ड काढून पाहतो तो दोन हजारांवर फोटो. त्यात हलणारे गवत, काकूंच्या कोंबड्या, माझेच पाय. आणि एका फोटोत, रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी, चौकटीच्या अगदी कडेला एक शेपूट. नुसती शेपूट! ती कुणाची, यावर वाडीत चार दिवस चर्चा चालली होती. निम्मे वाघ म्हणाले, निम्मे कुत्रा म्हणाले, एकाने माकडाचीही शक्यता वर्तवली.

ही शेपटीची भानगड समजली, की कॅमेरा निवडण्यातले निम्मे कळले.

या कॅमेऱ्यात डोळे दोन असतात. एक भिंग, फोटो काढणारे. दुसरा त्याच्या खालचा पांढरट फुगीर भाग, तो उष्णता ओळखतो. अंगाची उष्णता आणि मागच्या झाडा-जमिनीची उष्णता यांत फरक असेल आणि तो फरक समोरून सरकत जाईल, तर हा दुसरा डोळा पहिल्याला जागे करतो. जागे व्हायला किती वेळ लागतो, हाच कळीचा मुद्दा. जनावर आपल्या चालीने चालले तरी सेकंदाला मीटर-सव्वा मीटर अंतर कापते. कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर त्याची चौकट असते साधारण पावणेतीन मीटर रुंद. म्हणजे जनावर मधोमध असताना कॅमेऱ्याला चाहूल लागली आणि त्याने फोटो काढायला सव्वा सेकंद घेतला, तर धड निघून गेलेले असते आणि आपल्या वाट्याला शेपूट येते. तेव्हा घेताना ही वेळ पाहावी. अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर उत्तम, पाऊण सेकंद असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल, किंवा ही वेळ लिहिलेलीच नसेल, तर तो कॅमेरा दुकानातच राहू द्यावा. एक फोटो काढून दुसऱ्याला तयार व्हायला तो किती वेळ घेतो, हेही पाहावे. कारण बिबट्याच्या मागून पिल्ले येत असली तर ती याच मधल्या वेळात निघून जातात.

आणि ते मेगापिक्सेल? त्यांच्याकडे पाहूच नका. स्वस्त कॅमेऱ्यात आतला मूळ संवेदक बहुधा थोड्याच मेगापिक्सेलचा असतो. बाकीचे ठिपके कॅमेरा हिशेबाने मधे भरतो. दुधात पाणी घालून घागर भरावी तसे. घागर मोठी दिसते, साय मात्र तेवढीच. उलट अशा फोटोने कार्ड लवकर भरते. मी माझा कॅमेरा सर्वांत कमी मेगापिक्सेलवर लावून ठेवतो.

रात्रीच्या उजेडाचे तीन प्रकार आहेत. पहिला पांढरा झगझगीत. त्याने रंगीत आणि स्वच्छ चित्र मिळते. वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके जुळवून कोणता प्राणी कोणता हे ठरवायचे असेल, तर हाच बरा. पण तो अर्ध्या वाडीला दिसतो. दुसरा ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश. आपल्याला त्याचे फक्त लालसर ठिपके दिसतात आणि चित्र काळे-पांढरे येते. तिसरा ९४० नॅनोमीटरचा. तो माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, मात्र तो फार लांब पोचत नाही आणि चित्र थोडे भरड येते. जिथे माणसांची ये-जा आहे, चोरीची भीती आहे, तिथे तिसरा घ्यावा. घरच्या आवारात दुसरा पुरे. डब्यावर पंचवीस मीटर लिहिलेले असले तरी आपल्या झाडीत आठ-दहा मीटर मिळाले म्हणजे खूप.

आता सेल. यात माणसे हमखास फसतात. कॅमेऱ्यावर पैसे वाचले म्हणून खूश होतात आणि मग दर महिन्याला आठ पेन्सिल सेल घालताना रडतात. पुन्हा भरता येणारे सेल घ्यावेत असे कुणालाही वाटेल. पण त्यांचा दाब सव्वा व्होल्टच्याही खाली असतो, साध्या सेलचा दीड. चार सेलांच्या स्वस्त कॅमेऱ्यात हा फरक रात्री जाणवतो. दिवसा फोटो ठीक येतात, रात्री उजेडाला जोर पुरत नाही आणि नुसता काळोख मिळतो. म्हणून घेण्याआधी विचारावे, की भरता येणारे सेल चालतात का? नवे आणि जुने सेल एकत्र कधीही घालू नयेत. सौर पट्टीची जाहिरात पाहून भुलू नये, फणसाखाली कसले आलेय ऊन! आणि फोनवर फोटो पाठवणारे सिमकार्डाचे कॅमेरेही निघाले आहेत. पण आमच्या वाडीत फोन लागायला माणसालाच टेकडीवर चढावे लागते, तिथे कॅमेऱ्याची काय कथा.

साधारण चार हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत हे कॅमेरे मिळतात. माझा दुसरा कॅमेरा साडेआठ हजारांचा होता आणि शेतकऱ्याला त्याहून महागाची गरज नाही, असे माझे मत आहे. कोणत्याही भावाचा आणलात, तरी परत करण्याची मुदत आहे तोवर तो अंगणात लावा. रात्री दिवे घालवा आणि घरच्या पोराला तीन, सहा, नऊ मीटरवरून आडवे चालायला सांगा. चार फेऱ्या झाल्या, की डब्यावरचे खरे किती ते कळते. मी तर आमच्या नातवाला रांगत जायला लावले होते. उदमांजराची उंची तीच.

हे सगळे झाले यंत्राचे. पण ते लावायचे कसे, हे मला शिकवले ते वाडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी त्यांनी पुष्कळ शिकार केली होती, हे ते लपवत नाहीत. माझा कॅमेरा छातीच्या उंचीवर, वाटेला काटकोनात बांधलेला पाहून ते हसले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाघाची वाट बघताय का पावण्याची? खाली घ्या तो डबा. आणि असा आडवा नको, तिरका ठेवा. जनावर वाट सोडत नाय. येतंय कुठून ते बघा आन् त्याच्याकडे अर्धं तोंड करून ठेवा."

त्यांच्या सांगण्यात शास्त्र होते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला आला, की बिबट्याचे अंग समोर येते. वाटेशी तिरका ठेवला, की जनावर चौकटीत जास्त वेळ राहते आणि यंत्राला जागे व्हायला सवड मिळते. अगदी समोरासमोर ठेवू नये, कारण सरळ चालून येणाऱ्याची उष्णता त्या दुसऱ्या डोळ्यापुढून सरकत नाही, त्यामुळे चाहूल उशिरा लागते. तोंड शक्यतो उत्तरेला ठेवावे. पूर्व-पश्चिमेला ठेवले, तर सकाळ-संध्याकाळचे ऊन फोटो धुऊन काढते. समोरचे हातभर गवत कापावे. आणि वैशाखात भर दुपारी काही मिळाले नाही, तर यंत्राला बोल लावू नये. जमीन आणि कातळच जनावराच्या अंगाइतके तापलेले असतात. फरक उरतच नाही, तर कॅमेऱ्याला दिसणार काय?

पावसाळ्यात मी कॅमेरा काढून ठेवतो. आमच्याकडच्या पावसात पाणी आत जात नाही, पण दमट हवा जाते, आणि मुंग्या जातात. एकदा सेलांच्या खणात त्यांनी अंड्यांसकट संसार थाटला होता.

तर दुसरा कॅमेरा, आबांची जागा, दोन महिने. पाणंदीवरून बिबट्या नऊ वेळा गेला. बहुतेक वेळा रात्री दोन ते तीनच्या दरम्यान, गडग्याच्या कडेने, काकूंच्या गोठ्याकडे मान न वळवता. शेपटीवाला तोच असावा. मात्र गोठ्याच्या मागच्या भिंतीवर रोखलेल्या कॅमेऱ्यात तीन रात्री दोन मोकाट कुत्री मोडक्या कुडातून आत शिरताना दिसली. पहिली दोन करडे कुणी नेली, हे कॅमेरा सांगू शकत नाही. तो तेव्हा नव्हता. पण पिंजऱ्याचा अर्ज मागे पडला.

सगळ्यांना आनंद झाला असेल असे तुम्हाला वाटेल. काकूंना झाला नाही. बिबट्याने जनावर नेले, तर पंचनामा होऊन सरकारी भरपाई मिळते. कुत्र्याने नेले, तर काही मिळत नाही. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या फोटोनं माझं नुकसानच केलंनीत." मी काय बोलणार? कुडाला जाळी आणि दार बसवायचा खर्च मी अर्धा दिला. पुढे करडे गेली नाहीत.

बिबट्या वस्तीजवळून रोज जातो आणि आपल्याला पत्ता नसतो, हे फक्त आमच्याच वाडीचे नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे उसाच्या आणि शेतांच्या मुलखात लावले. जंगल नावाला नाही आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे, असा तो भाग. २०१३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस तिथे राहत होते.

आणि रिकामे फोटो पाहून कंटाळणाऱ्यांसाठी एक आकडा. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले ३ कोटी ४८ लाखांवर. त्यांत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. म्हणजे सरकारी तज्ज्ञांनाही पावणेतीनशे फोटोंमागे एक मिळाला. आपण गवत पाहून का चिडावे?

मुळात हा स्वस्त कॅमेरा बाजारात आला तो आपल्यासाठी नव्हे. जनावराने स्वतःच आपला फोटो काढण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तार ओढली की उजेड पडेल अशी योजना करून हरणांचे फोटो काढले. आपल्याकडे १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने शिवालिकच्या जंगलात तसेच वाघांचे फोटो मिळवले. पण आजचा हजारांनी खपणारा कॅमेरा वाढला तो अमेरिकन हरणशिकाऱ्यांच्या पैशावर. तो नीट पाहिलात तर खुणा दिसतात. अंगावर तिकडच्या झाडांच्या सालीचे चित्र, फोटोखाली चंद्राची कला, फॅरनहाइटमधले तापमान आणि महिना आधी, दिवस नंतर अशी तारीख. ही तारीख पहिल्याच दिवशी बदलून घ्या. आमच्या एका बागायतदाराने पाच मार्चचा फोटो तीन मेचा समजून भलत्याच महिन्यात राखण बसवली होती.

तिकडे शिकारी कॅमेऱ्यावरून हरणाची वेळ आणि वाट ठरवतो, आणि त्या वेळी बंदूक घेऊन जाऊन बसतो. कोरड्या मुलखात पाणवठे थोडे. त्या प्रत्येक पाणवठ्यावर असे कॅमेरे लागले, तेव्हा ही शिकार उरली कुठे, असे त्यांच्यातच म्हटले जाऊ लागले. अॅरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी या कॅमेऱ्यांना बंदी केली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीलाच बंदी आहे. पीक नासणारे रानडुक्कर मारायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. तेव्हा "मास्तर, डुकराची वेळ कळेल ना?" असे जो डोळा बारीक करून विचारतो, त्याला मी कॅमेरा सुचवत नाही. स्वतःच्या बागेत, स्वतःच्या बांधावर लावावा. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय लावू नये.

आणि माणसांचा विचार करावा. पाणंद, पऱ्या, बावीची वाट या बायकांच्या येण्याजाण्याच्या जागा आहेत. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसराविषयी केंब्रिज विद्यापीठातील संशोधकाचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. तिथे आडोशाला गेलेल्या एका बाईचा, वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यातला फोटो गावात फिरला. लोकांनी संतापून कॅमेरे फोडले. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया जनावर दूर राहावे म्हणून मोठ्याने गात जात. कॅमेऱ्यांच्या धाकाने त्या गप्प झाल्या. मी तेव्हापासून लावण्याआधी वाडीत सांगतो आणि झाडावर पाटी लावतो. पाटीने चोरीची भीती वाढते, हे खरे आहे. पण त्याला इलाज नाही.

चोरीवरून आठवले. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या कॅमेऱ्यात रात्री पावणेअकराला तीन माणसे आली. कपाळाला बॅटऱ्या, मधल्याच्या खांद्यावर ठासणीची बंदूक. तोंडे बॅटरीच्या झोतात पांढरी झालेली. पण एकाची चाल मी ओळखली. पाच वर्षे वर्गात माझ्यासमोर बसलेला मुलगा होता तो. दोन रात्री मला झोप आली नाही. गुन्हा सरळ होता, पुरावा माझ्या हातात होता. मी वनखात्याकडे गेलो नाही. त्याच्या घरी गेलो, चहा घेतला आणि निघताना अंगणात त्याला म्हटले, "रात्री पाणंदीनं जातोस, तर तिथे माझा कॅमेरा आहे हो." तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी कॅमेरा नव्हता. झाडाला नुसता कापलेला पट्टा लोंबत होता.

आबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "फॉरिष्टला दिला असतात तर पोरगा आत गेला असता. नाय दिलात तर जनावर जातंय. तुम्हाला कुठलं जड वाटलं ते तुम्ही केलंत." मी केले ते बरोबर होते, असे मला आजही म्हणवत नाही. तिसऱ्या कॅमेऱ्याला लोहाराकडून पेटी करून घेतली, झाडाभोवती साखळी आणि कुलूप. त्याचे आठशे रुपये झाले. हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा, असे मी आता सगळ्यांना सांगतो.

परवा दुसऱ्याच एका गावातल्या बागेतले कार्ड पाहत होतो. चारशे बारा फोटो. गवत, गुरे, एक भेकर, दोन साळिंदरे. आणि एका फोटोत, पहाटे सव्वातीनला, वारुळाशी वाकलेले खवले मांजर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बागेचे मालक माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी लगेच मोबाइल काढला, गावच्या व्हॉट्सअॅपवर टाकू म्हणाले. मी त्यांचा हात धरला. या प्राण्याच्या खवल्यांची तस्करी होते आणि त्यासाठी घेणारे लोक गावात येऊन विचारपूस करतात, हे त्यांनाही ऐकून ठाऊक होते. मोबाइल खिशात गेला. मग त्यांनी तो फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहिला, आपल्या बायकोला हाक मारून दाखवला, आणि आम्ही कार्ड पुसून, सेल बदलून, कॅमेरा पुन्हा होता तिथे लावून आलो.